वार अडकते तेव्हा



गाय व्याली, बारा तास उलटले, तरी वार पडली नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या गोठ्यात हे कधी ना कधी घडले असेल. याची कारणे अनेक. आज आम्ही त्यातले एकच सांगणार आहोत, कारण त्याचा संबंध आपल्या कडब्याशी आहे.

नांगराचा फाळ पावसात राहिला की गंजतो. श्वासातला प्राणवायू शरीरातही काहीसे तसेच करतो. चाऱ्यापासून ताकद तयार होताना पेरॉक्साइडसारखे दाहक पदार्थ निघतात, ते पेशींना पोखरतात. गाय असो, शेळी असो की आपण. म्हणून शरीराने कारागीर ठेवले आहेत, त्यांना विकरे म्हणतात. एक विकर पेरॉक्साइडचा निचरा करते. दुसरे आधीच बिघडलेले प्रथिन पुन्हा नीट करते, म्हणजे खरा दुरुस्तीवाला तोच. वार सुटायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी लागतात; त्याच गंजल्या तर वार अडकते.

या दोन्ही विकरांत सेलेनियम असते. पहिल्याचे १९७३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवून दिले. सेलेनियम मातीतून चाऱ्यात आणि चाऱ्यातून जनावरात येते. न्यूझीलंडमध्ये ते कमी असलेल्या कुरणांवर कोकरांचे स्नायू पांढरे पडत, कोकरे उभी राहत नसत. चीनच्या केशान भागात १९३५ साली माणसांची हृदये निकामी होण्याचा रोग नोंदला गेला. पुढे सेलेनियमच्या गोळ्यांनी तो आटोक्यात आला.

पण म्हणून उद्या दुकानातून बाटली आणू नका! बियाणे, खत, औषध यांतच खिसा रिकामा झाला आहे. शिवाय पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही गावांत मातीत सेलेनियम जास्त आहे. तिथे जनावरांचे केस गळतात, खूर झडतात. गाईला किलोभर कोरड्या चाऱ्यामागे ०.३ मिलिग्रॅम पुरते, आणि ५ मिलिग्रॅमच्या पुढे तेच विष होते. पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय हात लावू नये.

आपल्या हातात आहे ते ई जीवनसत्त्व. पेशींचा गंज रोखण्यात ते या विकरांचे जोडीदार. हिरव्या चाऱ्यात ते भरपूर असते. उन्हात वाळून महिनोन्महिने गंजीत पडलेल्या कडब्यात फारच थोडे उरते. उन्हाळ्यात विणारी आपली गाय नेमकी त्याच कडब्यावर असते. विहिरीला थोडे पाणी असेल तर दोन गुंठे लसूणघास शेवटच्या दोन महिन्यांच्या गाभण गाईसाठी राखा. नसेल तर बांधावरची शेवरी. सुबाभूळ चालेल, पण थोडी. ज्वारीचे कोवळे फुटवे मात्र नकोत, ते का हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

आणि वारेला दगड बांधायचे बंद करा. त्याने वार अर्धी तुटून आत सडते, कधी गर्भाशयच बाहेर येते. वार न पडता दिवस उलटला, गाय खाईना किंवा अंग तापले, तर डॉक्टरला बोलवा.