जुन्या छायाचित्रांतील शिपाई आणि त्याचा गणवेश

(सीमाभागातील एका गावी माध्यमिक शिक्षक व ग्रामस्थ ह्यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाची सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करणार आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका गावी पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ प्रभातफेरी निघाली. मुलांनी घालावयाच्या पोशाखाचे चित्र मी पुरविले होते. संगणकाने रंगविलेले एक जुने छायाचित्र मला मिळाले होते. त्यातील तांबडा कोट दिसावयास भारदस्त होता, म्हणून अधिक विचार न करता मी तो निवडला. फेरी संपल्यावर ऐंशी ओलांडलेले एक आजोबा चौकटीतली तसबीर काखेत घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, हा माझा आजा. सोळा साली मेसोपोटेमियात गेला. घरात सगळे सांगत आले की आज्याचा कोट काळा, पलटणीचे नावसुद्धा 'काळी पाचवी'. तुमची पोरे तांबडी कशी?"

तसबिरीतला कोट खरोखरच काळा दिसत होता. मजजवळ उत्तर नव्हते. मी ती तसबीर पाहण्यासाठी मागून घेतली आणि पुढील काही महिने ह्या एका कोटाच्या शोधात गेले. त्या शोधात जे हाती लागले, ते आपणांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आज सांगत आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, जुने छायाचित्र रंगांविषयी खरे बोलतेच असे नाही. त्या काळच्या काचेच्या पट्ट्यांवरील रसायन निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच विशेष दाद देई. तांबड्याला जवळजवळ नाहीच. त्यामुळे तांबडे कापड काळे उमटे, पिवळेही गडद येई आणि निळे मात्र फिकट दिसे. सर्व रंगांना दाद देणाऱ्या पट्ट्या १९०६ पासून बाजारात आल्या; तथापि साध्या पट्ट्यांचा वापर त्यानंतरही चालूच राहिला. म्हणजे तसबिरीत कोट काळा दिसतो एवढ्यावरून तो काळा होता असे म्हणता येत नाही. आणि आजचा संगणक जो रंग भरतो, तो केवळ अंदाज असतो, पुरावा नव्हे. मी फसलो तो येथेच.

मग खरा रंग शोधावा कोठे? त्यासाठी प्रथम पलटण निश्चित करावी लागते. आजोबांच्या तसबिरीत खांद्यावर धातूचे अंक होते. भिंगातून पाहता ते '१०५' असे वाचता आले. ह्या एका आकड्याने बरेच काम केले. मुंबई इलाख्यातील जुनी पाचवी पलटण १९०३ च्या फेररचनेत १०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत त्या वेळी शंभर मिळविण्यात आले होते. पुढे १९२२ मध्ये तीच पलटण ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन झाली. म्हणजे '१०५' हा अंक दिसला की छायाचित्र १९०३ ते १९२२ ह्या दरम्यानचे. नुसता '५' दिसला तर मात्र सावध राहावे. तो १९०३ पूर्वीचा असेल किंवा १९२२ नंतरचाही. त्या १९२२ च्या रचनेपासूनच मराठा पलटणीच्या प्रशिक्षणाचे केंद्र आपल्या बेळगावास आहे, हे आपण जाणताच.

दुसरा पुरावा घरातच निघाला. जुन्या ट्रंकेत रुमालात बांधलेले एक चांदीचे पदक होते. कोणी ते कधी निरखून पाहिले नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या ह्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कडेवरील अक्षरे वाचताच तसबीर आणि पदक ह्यांची साक्ष जुळली. मी आपणांस आग्रहाने सांगतो, असे पदक घरात असेल तर ते विकू नका आणि घासून चकचकीत करू नका. कडेवरची अक्षरे झिजली की माणसाची ओळखच झिजते.

पलटण कळल्यावर रंगाचा प्रश्न सुटला. ब्रिटिश अमदानीत हिंदी लष्कराच्या छापील याद्या निघत असत. त्यांत प्रत्येक पलटणीच्या कोटाचा रंग आणि कॉलर व मनगटपट्टीचा रंग नमूद केलेला असे. १०५ व्या पलटणीपुढे कोट तांबडा व पट्टी काळी अशी नोंद आहे. 'काली पांचवी' हे नाव पडले ते ह्या काळ्या कॉलर-पट्टीवरून. तांबडा कोट आणि काळी कॉलर दोन्ही छायाचित्रात सारखीच काळी उमटली. पलटणीच्या नावाने त्या समजुतीला बळ दिले आणि घरात सबंध कोटच काळा ठरला. आजोबा चुकले खरे, परंतु त्यांच्या घराण्याने जपलेले नाव अस्सल होते.

मग माझा तांबडा कोट बरोबर ठरला काय? नाही. तांबडा पोशाख समारंभाचा आणि तसबीर काढून घेण्याचा. रणांगणावर शिपाई खाकीतच असे. 'खाकी' म्हणजे धुळीच्या रंगाचा. हा शब्द फारसीतून आला. १८४६ मध्ये सरहद्दीवर उभारण्यात आलेल्या 'गाईड्स' दलाने हा रंग आरंभी वापरला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी लष्करात मोहिमेचा पोशाख म्हणून तो रूढ झाला. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या शिपायाच्या स्मरणफेरीत मुलांना तांबडे कोट घालणे म्हणजे शेतावर राबून मेलेल्या माणसाला लग्नाच्या पोशाखात दाखविणे होय. एकच माणूस, परंतु पोशाख दोन. कोणत्या प्रसंगाचे स्मरण करीत आहोत हे प्रथम ठरवावे, मगच कापड आणावे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी शिक्षकांसाठी काही सूचना.

पहिली. तसबीर चौकटीतून ओढून काढू नये, पुसू नये. दिवसाच्या उजेडात, झगझगीत दिवा न लावता तिची प्रतिकृती घ्यावी. मागील बाजूसही पाहावे. छायाचित्रकाराचे नाव व गाव तेथे पुष्कळदा छापलेले असते.

दुसरी. छायाचित्र उलटे तर नाही ना, हे पाहावे. पत्र्यावरची जुनी छायाचित्रे आरशातल्याप्रमाणे डावी-उजवी उलटी येत. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. तसे नसेल तर शंका घ्यावी आणि अंक सरळ वाचता येतात का ते तपासावे.

तिसरी. मापासाठी बंदुकीचा उपयोग होतो. छोटी ली-एनफील्ड बंदूक सुमारे ११३ सेंटिमीटर लांबीची. बंदूक उभी असून शिपायाच्या अगदी लगत असेल आणि छायाचित्रात ती ९ सेंटिमीटर व कोट ६ सेंटिमीटर भरत असेल, तर कोटाची खरी लांबी सुमारे ७५ सेंटिमीटर. मुलांना त्रैराशिक शिकविण्यास ह्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. मात्र बंदूक कोणती हे आधी ओळखावे. लांब ली-एनफील्ड सुमारे १२६ सेंटिमीटरची असे, आणि तेथे चूक झाली की पुढचे सर्व माप चुकते.

चौथी. कापड सुतीच घ्यावे. चकाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचे कापड लांबूनही ओळखू येते. शिंप्याने प्रथम वर्तमानपत्राच्या कागदावर बेतून पाहावे. पायाच्या पट्ट्या व फेटा ह्यांसाठी गावातील निवृत्त जवानांचा सल्ला घ्यावा, पण तो तसबिरीशी ताडून पाहावा. त्यांची सवय पुढच्या काळातील असते.

पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. जे दिसत नाही ते रचू नये. समोरून काढलेल्या छायाचित्रात कोटाची पाठ दिसत नाही. ती साधी ठेवावी आणि सोबतच्या फलकावर 'हा भाग अंदाजाने केला आहे' असे स्वच्छ लिहावे. त्यात कमीपणा नाही.

कायद्याचीही एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा ह्या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा चिन्हे वापरणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ नुसार गुन्हा आहे. ऐतिहासिक पोशाख कार्यक्रमापुरता घालावा, तो ऐतिहासिक आहे हे जाहीर करावे आणि आजच्या सेनेचे बिल्ले त्यावर लावू नयेत.

दुसऱ्या वर्षी त्याच गावी पुन्हा फेरी निघाली. मुले खाकीत होती, खांद्यावर पुठ्ठ्याचे '१०५' होते. शाळेच्या ओसरीत एकच तांबडा कोट काळ्या कॉलरीसह टांगला होता. त्याच्या शेजारी तसबीर आणि खाली पदकाच्या कडेवरून उतरवून घेतलेला क्रमांक व नाव. आजोबांनी तो क्रमांक दोनदा वाचावयास लावला. मग म्हणाले, "आजवर आज्याची तसबीर होती. नंबर आज कळला."

मेसोपोटेमियात कामी आलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची स्मृती बसऱ्याच्या स्मारकाने जपली आहे आणि त्यांत हिंदी शिपाई फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी कितीकांच्या तसबिरी आपल्या घरांच्या भिंतींवर, माळ्यांवर, ट्रंकांत आज पडून असतील. दरवर्षी पावसाळ्याची ओल आणि वाळवी त्यांतील काही नेते. म्हणून माझी विनंती एवढीच, की प्रत्येक शाळेने आपल्या गावापुरती अशा तसबिरींची व पदकांची नोंदवही ह्या वर्षी सुरू करावी. मालकाची वस्तू मालकाच्याच घरी राहू द्यावी. आपण केवळ प्रतिकृती, नाव, क्रमांक व पलटण टिपून ठेवावी. कोट मागाहून शिवता येईल. नाव एकदा पुसले गेले, तर ते पुन्हा लिहिणारा कोणी उरणार नाही.