कपाटाची किल्ली



शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात शाळेच्या ग्रंथालयाविषयी बोलू लागले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, अशा ठिकाणी समलिंगी वा तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा विचार हे शहरी चोचले नव्हेत काय? प्रश्न प्रामाणिक आहे. युक्तिवाद मात्र जुना. 'आधी भाकरी, मग तुमचे' असे स्त्रियांना आणि दलितांनाही ऐकवले गेले होते. डॉ. लोहियांची सप्तक्रांती हा क्रमच नाकारते. सातही लढे एकाच वेळी चालावेत, असा त्यांचा आग्रह होता. आणि त्या सातांत खासगी जीवनावरील अतिक्रमणाविरुद्धचा लढाही होता. शिबिरांतून नेमका तोच मुद्दा घाईने उरकला जातो.

आश्रमशाळेतील ठाकूर-कातकरी मुलाची स्थिती पाहावी. तो तिथेच शिकतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. चालण्यावरून, आवाजावरून 'बायल्या' म्हणून हिणवला गेलेला मुलगा संध्याकाळी घरी निघून जाऊ शकत नाही. वर्गातले टोमणे रात्री अंथरुणापर्यंत येतात. एक दिवस तो शाळा सोडतो. कारण कोणी विचारीत नाही. मुलीची घुसमट तर तेवढीही उघड होत नाही. तिच्यासाठी शिवीसुद्धा नाही. लग्न मात्र तयार असते.

अशा मुलांना आडोसा देईल अशी शाळेत एकच जागा संभवते. पण अनेक ठिकाणी ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद कपाट! ते उघडावे, शेजारी सतरंजी अंथरावी. तिथे वाचन व्हावे, चित्रे निघावीत, हस्तलिखित तयार व्हावे. हस्तलिखितात टोपणनावाने लिहिण्याची मुभा असावी. नाट्यवाचनात मुलाने स्त्रीभूमिका घेतली तर हसू नये, हे बालगंधर्वांवर प्रेम करणाऱ्या महाराष्ट्राला सांगावे लागते! मोठ्या मुलांसाठी ठाण्याच्याच लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन ठेवावे. शिक्षकांनी तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' वाचावे. आणि देवघेवीच्या वहीत नाव न लिहिता पुस्तक तिथेच बसून वाचता यावे. वही चारचौघांत उघडते, हे मुलांना पक्के ठाऊक असते.

२०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती संरक्षण कायद्याने सरकारी व मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर भेदभावरहित, समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली. २०२१ साली एन.सी.ई.आर.टी.ने शिक्षकांसाठी त्याविषयी पुस्तिका काढली आणि आक्षेप येताच संकेतस्थळावरून उतरवली. सरकारी धैर्य एवढेच! याच महाराष्ट्रात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य'मधून उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड भरून कर्वे पुढेही लिहीत राहिले.

जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत पाऊण सदस्य पालक असतात आणि त्यांत पक्षाचे सहानुभूतीदारही आहेत. पुढच्या सभेत त्यांनी एवढेच विचारावे, की पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते आणि ते आठवड्यातून किती वेळा उघडते.