चित्रांतील शुभवर्तमान



या विषयाचा आरंभ सुरतेपासूनच करता येतो. १५७३ साली अकबराने येथील किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा पोर्तुगिजांशी त्याचा प्रथम निकट संबंध आला. पुढे १५८० साली फत्तेपूर सीक्रीस आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी त्याला अँटवर्प येथे छापलेले बहुभाषिक बायबल नजर केले. त्यातील हिब्रू आणि लॅटिन दरबारात कोण वाचणार? आरंभीची कोरीव चित्रे मात्र सर्वांनाच वाचता आली. पाद्री जेरोम झेवियर यांचे फारसी ख्रिस्तचरित्र १६०२ साली पूर्ण झाले, तेव्हा शाहजादा सलीमच्या चिताऱ्यांनी त्यासाठी चित्रे रंगविली.

चिताऱ्याचे काम कवीहून अवघड असते. येशूचा चेहरा कसा होता, हे चारही शुभवर्तमानांत कोठे सांगितलेले नाही. १६१६ साली मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणाऱ्या फादर स्टीफन्सना हवे तेथे मौन पाळता येत होते. चिताऱ्याला नाक-डोळे काढावेच लागतात.

चित्रकथेत ही अडचण चौकटीगणिक येते. योहानाच्या आठव्या अध्यायात एका स्त्रीला दगडांनी मारावे काय, असे लोक विचारतात. येशू वाकून बोटाने जमिनीवर लिहितो. काय लिहितो, ते ग्रंथ सांगत नाही. चिताऱ्याने अक्षरे काढली, तर ग्रंथात नसलेला मजकूर आत शिरतो. जाणता चितारी ते बोट गर्दीच्या पायांआड झाकील. मग पुढच्या चौकटींत पाय एकेक करून कमी होतील, वृद्धांचे सर्वांआधी. येथे संवादाच्या फुग्याचीही गरज नाही. अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथे’नेही येशूचे चरित्र मुलांच्या हाती दिले. अशी पुस्तके ग्रंथालयात सरसकट ‘बालवाङ्मया’त नोंदली जातात, ती मोठ्यांनीही मागून न्यावीत.

खरा वाद पेटतो तो वेषावरून. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले. त्यांनी मरियेला लुगडे नेसविले, तिला येथल्या बाईचा सावळा वर्ण दिला. गोऱ्या मूर्तींना सरावलेल्या अनेक गोमंतकीय भाविकांना ही विटंबना वाटली. अँटवर्पच्या चित्रकारांनी तिला फ्लेमिश झगा घातला होता, तेव्हा नासरेथात असा झगा कोठे मिळे, हे कोणी विचारले नव्हते! फोन्सेका गोवा सोडून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले आणि तेथे तीच सावळी मरिया रंगवीत राहिले. त्यांची बरीच चित्रे आता गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात, जतन केलेली आहेत.