आमची वस्त्रे आणि संततीची चिंता
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



पॉलिएस्टरच्या कपड्यांमुळे मूल होत नाही, हे खरे काय, असा प्रश्न हल्ली आमच्या घराघरांतून विचारला जातो. आम्ही काही वैद्य नव्हे. परंतु जे वाचले व ताडून पाहिले ते आपणांपुढे ठेवीत आहो.

हे सूत आम्हां पनवेलकरांस परके नाही. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी ते शोधिले, आणि १९८० नंतरच्या दशकात येथून जवळच, पाताळगंगेच्या काठी, त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. खनिज तेलापासून निघालेला हा धागा स्वस्त व टिकाऊ. गृहिणीचे पुष्कळ श्रम त्याने वाचविले, हे उपकार विसरून चालणार नाही. परंतु तो कुजत नाही, आणि धुताना त्याचे डोळ्यांस न दिसणारे तंतू सुटतात. प्लिमथ विद्यापीठाने २०१६ साली मोजदाद केली, तेव्हा ६ किलो पॉलिएस्टर कपड्यांच्या एका धुण्यातून सुमारे ५ लाख तंतू सुटत असावेत, असा अंदाज निघाला. हे पाणी शेवटी खाडीस मिळते, आणि खाडीतील कोलंबी आमच्याच ताटात येते. ज्यांस मासळी वर्ज्य आहे त्यांनीही निश्चिंत राहू नये. घरातील धुळीतही हे तंतू असतात.

आता संततीविषयी. कैरोचे डॉ. अहमद शफिक यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांस दोन वर्षे पॉलिएस्टरच्या चड्ड्या घातल्या. त्यांचे शुक्रजंतू घटले, व चड्ड्या काढल्यावर बहुतेकांचे पूर्ववत झाले. मात्र डॉक्टरांनी दोष दिला तो घर्षणाने उत्पन्न होणाऱ्या विजेस, सूक्ष्म कणांस नव्हे. पुढे २०२४ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाने २३ पुरुषांच्या व ४७ कुत्र्यांच्या वृषणांची तपासणी केली. प्रत्येकात प्लास्टिकचे कण आढळले. ज्या कुत्र्यांत पीव्हीसी अधिक, त्यांत शुक्रजंतू कमी दिसले. पण पीव्हीसी हे मुख्यतः नळांचे प्लास्टिक, सदऱ्याचे नव्हे. शिवाय कण सापडणे निराळे आणि त्यानेच अपाय झाला असे सिद्ध होणे निराळे. ते अद्याप सिद्ध झालेले नाही.

आम्हांस खरी चिंता वाटते ती याहून वेगळी आहे. हे सारे प्रयोग नराविषयीचे. तरी आमच्या घरांत बोल लागतो तो सुनेच्या साडीस! तिचे उपासतापास होतात, तिच्या तपासण्या होतात, आणि चिरंजीव मात्र दवाखान्याची पायरी चढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा तरी ही अडचण येते. आणि अशा जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुरुषाकडील कारणाचाही भाग असतो. वीर्याची तपासणी अगदी सोपी आहे. सासूबाईंनी सुनेस वैद्याकडे धाडण्यापूर्वी मुलास सोबत धाडावे. यात कुळाची अप्रतिष्ठा ती कोणती?

उरला प्रश्न कपड्यांचा. आमच्या लग्नांतून देण्याघेण्याच्या म्हणून ज्या साड्या वाटल्या जातात त्या बहुशः पॉलिएस्टरच्या. कोणी नेसत नाही, त्या एका कपाटातून दुसऱ्यात फिरत राहतात. पुढील वर्षापासून ज्ञातीतील लग्नांत आहेर सुती द्यावा आणि खर्च वाढू नये म्हणून त्यांची संख्या निम्मी करावी, अशी सूचना आम्ही या सभेपुढे मांडीत आहो. कार्यकारी मंडळाने ती आजच मतास टाकावी.