मावशी, ही कविता आहे का?

कुणी लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, कुणी भांडी घासत. आजचा विषय शाळेतला आहे, पण लगेच पुढचा भाग लावू नका. घरातला एखादा भाचा, पुतणी, नाहीतर शेजारचं पोर मराठीचं पुस्तक घेऊन तुमच्यापाशी येत असेल, तर हे ऐकाच. गद्य, पद्य आणि नाटक, हे लहान मुलांना कसं सांगायचं?

आधी माझी चूक सांगते.

माझी भाची सांगलीला असते. गेल्या वर्षी, तिसरीत असताना, तिनं फोनवर विचारलं, "मावशी, गद्य आणि पद्य कसं ओळखायचं गं?" मी ऑफिसला निघाले होते. म्हटलं, सोप्पंय! यमक जुळलं की पद्य, नाही जुळलं की गद्य. आणि नावं लिहून पुढे बोलणं दिलं असेल तर नाटक. तिनं पाठ केलं, पेपरात मार्कही मिळाले. विषय संपला, असं मला वाटलं.

यंदा वर्गात कविता लिहायला सांगितली, घरातल्या एखाद्या वस्तूवर. तिचे आजोबा, म्हणजे ताईचे सासरे, उन्हाळ्यात गेले. तिनं काय लिहिलं ते वाचून दाखवते. तिला विचारलंय हं मी.

आजोबांची खुर्ची रिकामी आहे.
तिच्यावर आता वाळलेले कपडे ठेवतात.
संध्याकाळी मी कपडे उचलते
आणि थोडा वेळ
खुर्ची रिकामी ठेवते.

खाली लाल पेननं शेरा होता: यमक नाही, पुन्हा लिहा. मग तिनं पुन्हा लिहिलं. "आजोबांची खुर्ची, लाल लाल मिरची." पुढे अशाच आठ ओळी. त्याला 'छान' मिळालं आणि एक चांदणी.

मी दिवाळीत गेले तेव्हा तिनं वही दाखवली, तीही मिरचीचं पान उघडून. मागचं पान मलाच दिसलं. मी म्हटलं, "अगं, ही केवढी चांगली कविता आहे." तर म्हणाली, "ती कविता नाहीये मावशी. तूच सांगितलं होतंस ना?"

आता बाईंना काय बोलणार? त्यांच्यापुढे वर्गभर वह्यांचा गठ्ठा. नियम तर मीच शिकवला होता.

तर मग यमक नाही, तर काय?

यमकाचं आधी उरकते. कालिदासाचं अख्खं मेघदूत मंदाक्रांता वृत्तात आहे आणि त्यात ओळींच्या शेवटी यमक जुळवलेलं नाही. मराठीत कवी अनिलांनी मुक्तछंद रुळवला, तिथेही यमकाची सक्ती नाही. उलट रिक्षाच्या मागे लिहिलेलं यमकात असतं, साबणाची जाहिरात यमकात असते. म्हणजे यमक हा दागिना झाला. दागिना बघून माणूस ओळखायला गेलं की फसगत होते.

मी भाचीला माझा फोन दिला. म्हटलं, गोष्टीचं एक पान उघड आणि अक्षरं मोठी कर. केली. ओळी तुटल्या, सगळे शब्द खाली सरकले. विचारलं, गोष्ट बिघडली का? म्हणाली, नाही. आता तुझ्या खुर्चीच्या ओळी सलग लिहून काढ, निबंधासारख्या. तिनं लिहिल्या, मोठ्यानं वाचल्या, आणि 'थोडा वेळ' पाशी आपोआप थांबली. तिथे कुठलंच चिन्ह नव्हतं. मी विचारलं, का थांबलीस? तर म्हणे, "तिथे थांबायचंच आहे."

बस्स, हेच तर सांगायचं होतं मला. गद्यात ओळ कुठे संपते ते कागदाची रुंदी ठरवते, नाहीतर फोनची स्क्रीन. पद्यात ते कवी ठरवतो.

इथे एक मजा आहे. हे कागदावरच दिसतं असंही नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहा, कागद वाचवायला ओव्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लिहिलेल्या असतात. मध्ये दंड, ओवीचा आकडा, की लगेच पुढची ओवी. लांबून बघितलं तर निबंधच वाटेल. पण म्हणणाऱ्याला बरोबर कळतं कुठे टेकायचं. आणि जात्यावरच्या ओव्या तर बायकांनी लिहिल्याच नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्या म्हणणाऱ्यांच्या तोंडून. तिथे ओळ सांभाळायला जात्याचा फेरा होता आणि दळणारीचा श्वास होता. म्हणून मुलांना 'आखूड ओळी म्हणजे कविता' असंही सांगू नका. वाण्याची यादी पण आखूड ओळींचीच असते! मोठ्यानं वाचायला लावा. कान सांगतो.

शब्दांतही हेच लपलंय. गद्य आलं 'गद्' या धातूवरून, म्हणजे बोलणं. पद्य आलं 'पद'वरून, म्हणजे पाऊल, चरण. एक बोलतं, एक पावलं मोजत चालतं. मुलांना हे फार आवडतं, घरभर चालून दाखवतात.

आता नाटक. इथे मात्र मला पुस्तकांशीच भांडायचंय. 'गद्य, पद्य की नाटक ते ओळखा' असा प्रश्न आला की मुलांना वाटतं हे तीन डबे आहेत आणि एका डब्यातलं दुसऱ्यात जात नाही. तसं नाहीये. गद्य आणि पद्य या भाषा मांडायच्या दोन रीती. नाटक म्हणजे कुणीतरी कुणासमोर तरी करून दाखवायची गोष्ट. ती गद्यात असू शकते, पद्यात असू शकते, दोन्हीत असू शकते.

आणि हे सांगलीच्या मुलीला सांगायला उदाहरण शोधायलाच नको. विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीतच केलं, 1843 साली. त्याच्या आठवणीत 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणून कथानक पुढे न्यायचा आणि पात्रं त्या अनुषंगानं आपली भाषणं आयत्या वेळी बोलायची. पुढे 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं, त्यात पात्रं बोलतातही आणि गातातही. आता सांगा, हे कुठल्या डब्यात टाकणार?

मग नाटक ओळखायचं कसं? मी तिला म्हटलं, तुझ्या खुर्चीचं नाटक करू. पण एक अट. 'मला आजोबांची आठवण येते' असं कुणी सांगायचं नाही. ती म्हणाली, "मग लोकांना कळणार कसं?" हाच तर प्रश्न आहे! गोष्टीत सांगणारा असतो, तो पात्राच्या मनात शिरून आपल्याला आतलं सांगतो. नाटकात तो सहसा नसतो. जे बोललं जाईल आणि जे केलं जाईल, तेवढंच.

रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये प्रयोग झाला. तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले. धाकटा भाऊ पळत आला, खुर्चीत बसायला लागला. ती म्हणाली, "थांब." तो म्हणाला, "का?" ती काहीच बोलली नाही. नुसती खुर्ची पदरानं, म्हणजे ओढणीनं, पुसली. ताई उठून आत गेली. भाऊजी मोबाईल बघत होते, तो त्यांनी खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, आता गद्य. तिनं पानभर लिहिलं. खुर्ची कुठल्या बाजारातून आणली, तिचा एक पाय आखूड कसा, त्याखाली आजोबा पुठ्ठ्याची घडी ठेवायचे आणि ती घडी दर आठवड्याला निसटायची. यातलं कवितेत काहीच नव्हतं, नाटकात तर पुठ्ठा दिसलाही नसता.

तुम्हीही हेच करून बघा. घरातली एकच गोष्ट घ्या, दूध उतू गेलं किंवा चप्पल हरवली, आणि पोराला ती तीन वेळा करू द्या. व्याख्या नंतर सांगितली तरी चालते. पेपरात काय लिहायचं तेही सांगा, मार्क जाऊ देऊ नका. फक्त 'यमक म्हणजे कविता' तेवढं सांगू नका.

आणि हो, तयारीत राहा. निघताना तिनं मला विचारलं, "मग बे एके बे, बे दुणे चार, हे पद्य का?" चाल आहे, ठेका आहे, थांबायची जागा ठरलेली आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते मला कळवा.

परवा तिनं वहीचा फोटो पाठवला. खुर्चीची कविता नव्या पानावर उतरवून काढली आहे. यमक नाहीच. फक्त एक बदल केलाय, शेवटची ओळ दोन ओळींत तोडली आहे.

खुर्ची
रिकामी ठेवते.