लहान घोडे, खुजी शिंगरे आणि आपली अनुमोदना

(संस्थेच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. पशुवैद्यकाशी माझा संबंध केवळ वाचनापुरता. तरीही अमेरिकेतील ‘मिनिएचर’ घोड्यांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण त्यात जीवदयेचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे.

या घोड्याची उंची पूर्ण वाढीनंतरही ३४ इंचांहून अधिक नसावी, असा १९७८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनचा दंडक आहे. बांधा मात्र मोठ्या घोड्यासारखाच प्रमाणबद्ध हवा. खुजेपणा ही निराळी गोष्ट. खुज्या शिंगराचे कपाळ फुगीर, खालचा जबडा पुढे आलेला, पाय आखूड आणि वाकडे. चारा नीट चावता येत नाही, श्वासाला त्रास होतो, सांधे दुखतात. २००६ साली जगातील सर्वांत लहान घोडा म्हणून गिनेस बुकात नोंदली गेलेली थंबेलिना ही घोडी खुजीच होती. उंची अवघी ४४.५ सेंटिमीटर. जगाने तिचे कौतुक केले. २०१८ मध्ये ती गेली.

त्याच वर्षी केंटकी विद्यापीठातील जॉन एबर्थ, अर्नेस्ट बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. कूर्चेच्या घडणीत महत्त्वाच्या असलेल्या अ‍ॅग्रिकॅन या प्रथिनाच्या जनुकात त्यांना या खुजेपणाशी निगडित असे चार बदल आढळले. दोष सुप्त असतो. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला घोडा निरोगी दिसतो. पण असे दोघे एकत्र आले की प्रत्येक वेळी चारांत एक शक्यता खुज्या शिंगराची असते. काही जोड्यांत तर गर्भच टिकत नाही. ताग्याच्या वरच्या घडीत न दिसणारा दोष आतल्या घडीत निघावा, तसेच हे. पण तागा परत करता येतो.

आता प्रश्न असा, की हे ज्ञान मिळवावे कसे? एक मार्ग म्हणजे सदोष नर-मादी मुद्दाम एकत्र आणून जन्मणाऱ्या शिंगरांवर निरीक्षणे करणे. दुःख आपणच निर्माण करून ते मोजत बसणे माझ्या बुद्धीला पटत नाही. दुसरा मार्ग, आधीच जन्मलेल्या वा मृत शिंगरांचे नमुने घेणे. त्यासाठी मुळासकट उपटलेले आयाळीचे केसही पुरतात. येथे अडचण विज्ञानापेक्षा बाजाराची अधिक. खुजे शिंगरू झाल्याचे कळले की आई-बापांची किंमत उतरते, म्हणून ते लपविण्याचा मोह होतो. संशोधकाने मालकाचे नाव गुप्त ठेवले तर नमुने मिळतील, आणि ते योग्यच आहे. परंतु घोडा विकताना तोच दोष झाकणे ही सरळ फसवणूक होय. आम्हा व्यापाऱ्यांना हा भेद समजावून सांगावा लागू नये!

आज ही तपासणी प्रयोगशाळांत उपलब्ध आहे. सदोष प्रत बाळगणाऱ्या घोड्याची जोडी निर्दोष घोडीशी लावली, तर या चार बदलांमुळे येणारा खुजेपणा शिंगरात उद्भवत नाही. मात्र निम्म्या शिंगरांत तो दोष सुप्त राहण्याची शक्यता असते. म्हणजे पुढच्या पिढीतही तपासणी आलीच.

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असा हिंसेचा तिपेडी विचार आहे. पैदास करणारा करतो, ‘आणखी लहान हवा’ म्हणून जास्त पैसे मोजणारा करवितो. आणि थंबेलिनासारख्या प्राण्याचे छायाचित्र पाहून ‘किती गोंडस!’ म्हणणारे आपण? तिसऱ्या पेडाचा विचार मला अधिक अस्वस्थ करतो.

वेदनेने तळमळणाऱ्या शिंगराला तेथील पशुवैद्य कधी इंजेक्शन देऊन मुक्त करतात. आपली परंपरा त्यास मान्यता देत नाही. त्याचा निवाडा माझ्यासारख्याने या व्यासपीठावरून करू नये. मात्र तो निवाडा करण्याची वेळ जन्मानंतर येते, आणि केसांची तपासणी जोडी लावण्यापूर्वी होऊ शकते.

जय जिनेंद्र.