खिळ्याची पेटी आणि कुशीची पेटी



कामगार संघटनेच्या माणसाने झाडांच्या लाकडी पेटीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटले असेल. परंतु मजुरीचा प्रश्न या पेटीत जितका स्वच्छ दिसतो, तितका तो मोर्चातही दिसत नाही.

गच्चीवर तुळस, मोगरा लावण्यासाठी खिळे मारलेली पेटी विकत मिळते. आत ओली माती, बाहेर आपल्या श्रीरामपूरचे वैशाखातले ऊन! ओलाव्याने लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. खिळ्यांनी जखडलेल्या फळीला हलायला जागा नसते, ती तडकते. खिळा गंजतो, त्याच्याभोवती पाणी मुरते आणि तेथूनच लाकूड कुजू लागते.

जुन्या रीतीची पेटी अशी : सागाचे चार पाय, आठ आडपट्ट्या. पट्टीच्या दोन्ही टोकांना, तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाची कूस काढायची आणि पायात तिच्या मापाचे भोक. खतकसाने रेघ, किकऱ्याने भोक. मग सांध्यात आडवी खुंटी. येथे एक खुबी आहे. कुशीतले छिद्र पायातल्या छिद्राच्या बरोबर समोर पाडायचे नाही. अर्धे सूत पट्टीच्या अंगाला सरकवायचे. खुंटी ठोकली की कूस आपोआप आत ओढली जाते. फळ्या मात्र पट्ट्यांच्या खाचेत नुसत्या बसवायच्या, ठोकायच्या नाहीत. तळाला पाणी निथळण्यापुरत्या फटी ठेवायच्या.

म्हणजे एका पेटीला १६ कुशी, १६ भोके, १६ खुंट्या. हे काम कोण करील, आणि का करील?

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांची हकीकत आहे. सुताराला सुगीला धान्य मिळे आणि औतांची दुरुस्ती त्यातच येई. औत मोडले की खेप त्याचीच वाढे. सांधा पक्का करण्यात त्याचा स्वतःचा लाभ होता. बलुत्याचे गोडवे मी गात नाही. धंदा जातीने बांधलेला, पीक बुडाले की सुतारही बुडाला, आणि वर खळ्यावर उभे राहून मागायचे! ती पद्धत मोडली हे बरेच झाले. परंतु तिच्या जागी नगावर मजुरी आली. नगामागे पैसे घेणारा माणूस सोळा भोके पाडीत बसला तर संध्याकाळी घरी काय नेईल? तो खिळे मारतो, आणि आपण म्हणतो, हल्लीच्या सुतारांत ती कारागिरी राहिली नाही. हात तेच आहेत हो, हिशेब बदलला आहे!

तेव्हा पेटी करवून घ्यायची असेल तर सुताराशी नगावर नव्हे, रोजावर बोला. किती दिवस लागतील ते त्यालाच विचारा आणि तेवढ्या दिवसांची पुरी मजुरी द्या. उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी दिसल्या तर लांबी भरायला सांगू नका. माती भिजली की त्या मिटतील.